चौकटीबाहेरच्या माणसांची सुरक्षितता

पहिले पाऊस पडून डोंगर हिरवे झाले, की नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे सुरगाणा आणि सापुताऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॅमेऱ्यांच्या पेट्या आणि दिव्यांचे स्टँड लादलेल्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. कोणी भिवतास धबधब्यासमोर नियोजित वधूवरांची छायाचित्रे घ्यावयास येतो, कोणी हातगडाच्या कातळपायऱ्यांवर एखाद्या गाण्याचे चित्रण करतो, कोणी जाहिरातीसाठी धुक्यातला डोंगर शोधत असतो. या येण्याजाण्याकडे पाहून नाके मुरडण्याचे कारण नाही. निसर्गाचे सौंदर्य पाहण्याचा हक्क सर्वांचा आहे, आणि छायाचित्रण हा असंख्य तरुणांच्या पोटापाण्याचा, कष्टाचा व्यवसाय आहे. प्रश्न एवढाच, की या व्यवसायात जिवाची जोखीम कोण उचलतो आणि ती किती उचलायची हे ठरवितो कोण?

हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारीत नाही. अपघात झाला, की 'सेल्फीचे वेड', 'तरुण पिढीचा उथळपणा' असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासाने २०११ ते २०१७ या काळातील जगभरच्या बातम्या तपासल्या, तेव्हा स्वतःचे छायाचित्र घेताना झालेल्या २५९ मृत्यूंची नोंद सापडली. त्यांपैकी १५९ मृत्यू एकट्या भारतातले होते, आणि सर्वांत मोठे कारण होते पाण्यात बुडणे. हा आकडा भयंकर आहे यात शंका नाही. परंतु तो केवळ वेडाचा आकडा मानला, तर उपदेशापलीकडे काही करावयाचे उरत नाही. शिवाय त्या आकड्यात एक माणूस येतच नाही. तो म्हणजे दुसऱ्याच्या चित्रासाठी राबणारा.

मार्च २०२३ मध्ये पन्हाळगडावर एका ऐतिहासिक चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. घोड्यांची निगा राखण्यासाठी आलेला एकोणीस वर्षांचा एक तरुण रात्रीच्या वेळी तटावरून सुमारे शंभर फूट खाली कोसळला आणि उपचार चालू असताना दगावला. एप्रिल २०२५ मध्ये साताऱ्याजवळ संगम माहुली येथे दुसऱ्या एका ऐतिहासिक चित्रपटातील गाण्याचे चित्रण आटोपल्यावर नृत्यपथकातील सव्वीस वर्षांचा एक तरुण अंगाहाताला लागलेला रंग धुण्यासाठी कृष्णेत उतरला आणि प्रवाहात ओढला गेला. या दोघांपैकी कोणाचेही नाव भिंतीवरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लागणार नव्हते. आणि दोघेही मृत्यूच्या वाटेला लागले त्या क्षणी कॅमेऱ्यासमोर नव्हते. घोडे, तलवारी, आगीचे दृश्य यांची काळजी घेणारी माणसे मोठ्या चित्रपटांत असतात. पण चित्रण संपल्यावर रंग धुवायला पाणी कोठे आहे, अंधारात तटाकडे कोणी जाऊ नये म्हणून दोर बांधला आहे की नाही, हे पाहणे कोणाच्या कामात लिहिलेले होते? सुरक्षिततेचे नियोजन म्हणजे धोक्याच्या दृश्याची तालीम, अशी जी समजूत आहे, ती येथेच चुकते. गाडी घरून निघाल्यापासून शेवटचा माणूस घरी पोचेपर्यंतचा सारा काळ चित्रणाचाच असतो.

चित्रपटाच्या मोठ्या संचात निदान माणसांची यादी असते, जेवणाची व्यवस्था असते, कोणी तरी व्यवस्थापक असतो. सुरगाण्याकडे येणारा संच बहुधा चारपाच जणांचा. एक छायाचित्रकार, एक व्हिडिओ घेणारा, परावर्तक धरणारा एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, वधूचा मेकअप करणारी बाई, गाडीचा चालक आणि वाट दाखविण्यासाठी पाड्यावरून बरोबर घेतलेला एखादा तरुण. यांच्यामध्ये लेखी करार नसतो, विमा नसतो, पुष्कळदा एकमेकांची पूर्ण नावेही ठाऊक नसतात. १९८१ साली संसदेने चित्रपट कामगारांसाठी जो कायदा केला, तो कथाचित्रपटांपुरता होता. त्याची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिने जाहिरातपट, मालिका, डिजिटल निर्मिती यांतील कामगारांनाही आपल्या व्याख्येत घेतले, ही पुढची पायरी खरी. परंतु चार माणसांच्या संचात रोजंदारीवर परावर्तक धरणाऱ्या मुलापर्यंत ही संहिता पोचेल, असे मानण्याइतके भाबडे राहून चालणार नाही. कागदावरचा कायदा आणि ओल्या कातळावरचा पाय यांमध्ये अंतर फार आहे.

या कामाचा एक विशेष धोका आहे, तो समजून घेतला पाहिजे. ज्याचा डोळा भिंगाला लागलेला असतो, त्याला पायाखालची जमीन दिसत नाही. चौकटीत नदीचे पात्र सुंदर दिसते, तेव्हा पात्राच्या वरच्या अंगाला पाणी गढूळ होत चालले आहे हे चौकटीबाहेर राहते. आणि ज्याचे छायाचित्र घेतले जात असते, त्याने आपली बुद्धी थोडा वेळ छायाचित्रकाराच्या स्वाधीन केलेली असते. 'एक पाऊल मागे' म्हटले की तो मागे सरकतो, मागे काय आहे हे पाहत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये कर्नाटकात तलकाडजवळ कावेरीत लग्न तोंडावर आलेले एक जोडपे छायाचित्रांसाठी छोट्या होडीत चढले. पोझ घेताना होडी कलंडली आणि दोघेही बुडाले. कॅनडातील क्वेबेक प्रांतात ऑगस्ट २०१२ मध्ये एक नववधू लग्नाच्याच पोशाखात धबधब्याखालच्या नदीत छायाचित्रांसाठी उतरली; भिजलेल्या झग्याचे ओझे तिला खाली घेऊन गेले. आपल्याकडचा जरीचा घागरा किंवा नऊवारी शालू भिजल्यावर याहून हलका होत नाही.

यावरून नियोजनाचा पहिला नियम निघतो. सुरक्षिततेची जबाबदारी अशा माणसाकडे असली पाहिजे, ज्याचा डोळा कॅमेऱ्यात नाही आणि ज्याचे चित्र निघत नाही. आणि त्याच्या 'थांबा' या शब्दावर अपील असता कामा नये. संच कितीही लहान असो, एवढा एक माणूस त्यात असलाच पाहिजे. त्याचा रोज परवडत नसेल, तर ते चित्रणच परवडत नाही असे समजावे.

दुसरे नियम सुरगाण्याचा भूगोलच सांगतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचा हा तालुका. येथून नार, पार या नद्या पश्चिमेकडे, गुजरातेत उतरतात. डोंगर उभे, ओढे आखूड, पाऊस मोठा. त्यामुळे आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या खोऱ्यात पडलेला पाऊस थोड्याच वेळात पात्रात येऊन थडकतो. ऑगस्ट २०२२ मध्ये याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर पाणी अचानक वाढले, वीसहून अधिक पर्यटक पलीकडे अडकले आणि एक जण वाहून गेला. म्हणून हवामान खात्याचा इशारा केवळ चित्रणाच्या जागेपुरता पाहून भागत नाही. नदी जेथून येते तेथला पाहावा लागतो. पावसाळ्यात पात्रात उतरावयाचेच असेल, तर वरच्या अंगाला शिट्टी घेतलेला एक माणूस बसवावा लागतो. पाणी गढूळ झाले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या, आवाज बदलला, की सामान सोडून वर यावयाचे असते. कॅमेरा उचलण्यासाठी थांबणे हीच चूक अनेकांना भोवली आहे. धबधब्याच्या डोहाविषयी तर वेगळे सांगितले पाहिजे. वरून कोसळणाऱ्या पाण्यात हवा मिसळलेली असते, असे फेसाळ पाणी माणसाला नीट तोलून धरीत नाही, आणि तळाचा ओढा त्याला पुन्हा धारेखाली खेचतो. उत्तम पोहणाऱ्याचाही येथे इलाज चालत नाही.

कड्यांचेही तसेच. पावसाळ्यात काळ्या कातळावर शेवाळ धरते, आणि कड्याच्या कडेवर वाढलेल्या गवताखाली दगड आहे की सुटलेला मुरूम, हे वरून कळत नाही. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्याजवळ चित्रफीत घेताना मुंबईची एक तरुणी दरीत कोसळली. तिला वर आणण्यास बचाव पथकांना कित्येक तास झुंजावे लागले, तरी ती वाचली नाही. हिवाळा-उन्हाळ्यात पाण्याचा धोका ओसरतो, तेव्हा दुसरे धोके पुढे येतात. कड्याला लटकलेल्या आग्या मोहोळाला धूर किंवा घरघरणारे ड्रोन सहन होत नाही. रंगीत धुराच्या कांड्या वाळलेल्या गवतात पेटविणे म्हणजे साऱ्या डोंगराला वणवा लावणे होय. वीज कडाडू लागली, की धातूची तिपाई आणि उघडा माथा दोन्ही सोडून खाली यावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी परत वर जाऊ नये.

यांतील एकही गोष्ट गूढ नाही. भिवतासच्या परिसरातील कोणत्याही गुराख्याला ती ठाऊक असते. मग ती अमलात का येत नाही? येथे आपण प्रश्नाच्या मुळाशी येतो. चित्रण रद्द झाले तर पैसे बुडतात, हे त्याचे उत्तर आहे. ज्या मुलाला काम झाले तरच रोज मिळणार, तो 'येथे घसरते आहे' असे म्हणणार नाही. ज्या चालकाला रात्रीतच दुसऱ्या भाड्यावर जायचे आहे, तो डोळ्यांवर झोप असतानाही सापुताऱ्याचा घाट उतरेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच घाटात यात्रेकरूंची बस दरीत कोसळून कित्येकांचे प्राण गेले, हे त्याला माहीत नसते असे नाही. आणि जो छायाचित्रकार कर्ज काढून कॅमेरा घेऊन बसला आहे, तो ग्राहकाने 'आणखी थोडे पुढे' म्हटले तर नाही म्हणू शकत नाही. भीतीपेक्षा भूक मोठी असते. म्हणून सुरक्षिततेच्या नियोजनातील सर्वांत महत्त्वाचे कलम दोर किंवा लाइफ जॅकेट हे नव्हे. पावसामुळे किंवा धोक्यामुळे चित्रण थांबले तरी प्रत्येकाचा ठरलेला रोज मिळेल, आणि पर्यायी तारखेचा खर्च ग्राहक व छायाचित्रकार वाटून घेतील, हे ते कलम होय. ज्याला नाही म्हणण्याची किंमत मोजावी लागत नाही, तोच वेळेवर नाही म्हणू शकतो.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राचाच इतिहास दाखविता येईल. आज या मालकाकडे, उद्या त्या मालकाकडे ओझी उचलणाऱ्या माथाडी कामगाराला संरक्षण देताच येणार नाही, असे एके काळी सांगितले जात होते. १९६९ साली माथाडी कायदा झाला, मंडळे स्थापन झाली, मालकांकडून लेव्ही घेतली जाऊ लागली आणि विखुरलेल्या कामगारालाही हक्क मिळाले. लग्नसमारंभांची आणि जाहिरातींची छायाचित्रे घेणारा व्यवसाय आज गावोगाव पसरला आहे. छायाचित्रकारांच्या संघटना तालुक्यातालुक्यात आहेत. त्यांनी ठरविले, तर प्रत्येक बाहेरगावच्या कामामागे थोडी रक्कम बाजूला काढून संचातल्या साऱ्यांचा अपघात विमा उतरविणे ही काही पर्वत उचलण्याची गोष्ट नाही.

जबाबदारी वरच्याची, हे तत्त्वही मान्य करावयास हवे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात फेब्रुवारी २०१४ मध्ये रेल्वेच्या पुलावर चित्रीकरण करताना आगगाडीखाली सापडून एक तरुण कॅमेरा सहायिका मरण पावली. रुळांवर चित्रण करण्यास रेल्वे कंपनीने परवानगी नाकारली होती. त्या प्रकरणी दिग्दर्शकाने २०१५ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्याला तुरुंगात जावे लागले. आपल्याकडे अशा वेळी 'आकस्मिक मृत्यू' अशी नोंद होऊन कागद बंद होतो, आणि घरच्यांच्या हातावर काही रक्कम ठेवली की प्रकरण मिटले असे समजले जाते.

सरकारचा मार्ग तर याहूनही सोपा. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, आणि लगोलग मनाई आदेशांचे पीक आले. पाण्यात उतरू नये, कड्यावर जाऊ नये, छायाचित्रे घेऊ नयेत. संकटाच्या दिवशी अशी मनाई आवश्यक असते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु मनाईचा फलक लावला म्हणजे शासनाचे कर्तव्य संपले काय? फलकामागे ना रखवालदार, ना दोर, ना शिडी, ना जवळ रुग्णवाहिका. फलक माणसाला वाचवीत नाही. उद्या चौकशी झाली तर अधिकाऱ्याला मात्र वाचवितो.

प्रत्यक्ष पाण्यात उडी घेतो तो स्थानिक माणूस. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या समुद्रकिनारी छायाचित्र घेताना लाटेत ओढल्या गेलेल्या मुलींना वाचविण्यासाठी तेथील एका तरुणाने उडी घेतली. एका मुलीबरोबर तोही गेला. डोंगरातही हेच घडते. प्रशिक्षित पथक शहरातून पोचेपर्यंत पाड्यावरचीच पोरे दोर घेऊन उतरलेली असतात. ज्याचा चित्रात भाग नाही, ज्याला चित्राचा मोबदला नाही, त्याने आपला जीव पणाला लावावा, असे आपण गृहीतच धरून चाललो आहोत. ही वेठ आहे. तिला माणुसकी असे गोड नाव दिल्याने तिचे स्वरूप बदलत नाही.

आता सुरगाण्यातल्या चित्रणासाठी कोणी खरोखरच नियोजनाचा कागद करावयास बसला, तर काय होईल? 'जवळचे रुग्णालय' या रकान्यात त्याला सुरगाण्याचे ग्रामीण रुग्णालय लिहिता येईल; मोठ्या इजेसाठी नाशिक, म्हणजे सुमारे नव्वद किलोमीटर. 'दूरध्वनीची सोय' या रकान्यात अनेक पाड्यांपुढे रेघ ओढावी लागेल. 'रुग्णवाहिका पोचण्याचा मार्ग' लिहिताना पावसाळ्यात कोणती फरशी पाण्याखाली जाते, हे विचारावे लागेल. हे रिकामे रकाने पाहून छायाचित्रकार अस्वस्थ होईल आणि ते योग्यच. परंतु त्याने क्षणभर थांबून एवढे ध्यानात घ्यावे, की त्याच्या एका दिवसाची ही जोखीम येथल्या कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांचे रोजचे जगणे आहे. तेथली बाळंतीण, सर्पदंश झालेला शेतकरी आणि शाळेसाठी ओढा ओलांडणारी मुलगी याच रिकाम्या रकान्यांत राहतात. २०२२ च्या अखेरीस या तालुक्यातील सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली, तेव्हा मुंबईत अस्मितेची भाषणे झाली. त्या मागणीमागे रस्ता, पाणी आणि दवाखाना एवढेच होते.

म्हणून चित्रणाची सुरक्षितता आणि गावाची सुरक्षितता या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. पाहुण्यासाठी धबधब्यावर कठडा आणि गावासाठी साकव नाही, असा विकास कोणाला हवा आहे? रस्ता झाला तर दोघांचा होतो, रुग्णवाहिका आली तर दोघांसाठी येते.

येथे आपल्या कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. संपूर्ण सुरगाणा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या परिसरातील सामूहिक साधनसंपत्तीचे जतन करण्याचा अधिकार मान्य केला आहे. ज्या गावांच्या शिवारात चित्रण होते, तेथील ग्रामसभांनी साधे ठराव करावेत. येणाऱ्या संचाने गावात नोंद करावी, सर्वांची नावे आणि घरच्यांचे दूरध्वनी लिहून द्यावेत. गावातला एक वाटाड्या आणि पावसाळ्यात वरच्या अंगाला बसणारा एक राखणदार ठरलेल्या रोजावर घ्यावा, आणि त्यांचा विमा संचाने उतरवावा. राखणदाराने थांबा म्हटले की थांबावे. परतीची वेळ आधी सांगावी. ती उलटली की गावाने चौकशी सुरू करावी. जमणाऱ्या शुल्कातून दोर, लाइफ जॅकेट, स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी गावात कायम राहावी. ती गावकऱ्यांच्याही उपयोगी पडेल. आपल्या पोरांना प्रथमोपचाराचे आणि दोराने उतरण्याचे शिक्षण द्यावे, ही मागणी तहसील कचेरीपुढे लावून धरावी. नाशिकमधल्या आपल्या सहानुभूतीदारांत छायाचित्रकार आहेत, चालक आहेत, लग्नाची कामे घेणाऱ्या मुली आहेत. त्यांच्या बैठका घेऊन, थांबलेल्या दिवसाच्या रोजाचे कलम प्रत्येक ऑर्डरच्या कागदावर छापून घ्यावे.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या शेतकरी-आदिवासींच्या मोर्चात सुरगाण्याची माणसे मोठ्या संख्येने होती. रक्ताळलेल्या त्या पायांची छायाचित्रे देशभर छापली गेली, आणि त्या चित्रांनी सरकारला उत्तर देणे भाग पाडले. कॅमेऱ्याचे सामर्थ्य या तालुक्याने तेव्हा पाहिले आहे. तोच कॅमेरा आता त्यांच्या डोंगरात येतो आहे. त्याने यावे. मात्र चौकटीतल्या हसऱ्या चेहऱ्यांसाठी चौकटीबाहेर जो परावर्तक धरून उभा आहे आणि जो दोर धरून उभा आहे, ते दोघेही संध्याकाळी धडपणे घरी पोचले पाहिजेत. ज्या चित्राला एवढी हमी देता येत नाही, ते चित्र काढू नये.